आबांच्या म्हाळाला कावळा शिवेना

पान ठेवून दहा मिनिटं झाली तरी कावळा शिवला नाही, आणि घरात पाहुण्यांसकट बावीस पोटं कुरकुरत होती.

पान परड्याच्या दगडी गडग्यावर होतं. दोन वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूची भाजी, भोपळा, खीर, आणि आबांना लागायची म्हणून काकडीची कोशिंबीर. आबा म्हणजे हरिश्चंद्र. जाऊन दोन वर्षं झाली होती, हा पितृपंधरवड्यातला त्यांचा पहिला म्हाळ. घरात आबांनीच घालून दिलेला नियम होता की कावळ्याने पान शिवल्याबिगर कोणी पाटावर बसायचं नाही. जिवंतपणी त्यांनी हा नियम स्वतःच्या बापाच्या म्हाळाला दोन वाजेपर्यंत पाळला होता आणि पोरांना उपाशी ठेवलं होतं. आता त्यांची पाळी होती, म्हणजे पोरांची पुन्हा तीच.

गडग्यासमोर हात जोडून थोरला मुलगा उभा होता. गुरुदास. मुंबईच्या बँकेत साहेब होऊन रिटायर झालेला. सोवळं नेसला होता खरा, पण त्याच्या पोटाचं आणि सोवळ्याचं पटत नव्हतं, म्हणून एक हात जोडायला आणि एक हात निरीला असा त्याचा हिशेब चालला होता. त्याच्या मागे धाकटा लवू, तारकर्लीला टुरिस्टांच्या होड्या चालवणारा. घरापुढच्या खळ्यातल्या मांडवात गुरुदासची बायको यशोदा, पदराने वारा घेत. आणि अगदी टोकाला, माडाला टेकून, गुरुदासचा मुलगा प्रीतम. बत्तीस वर्षांचा घोडा, जमिनींचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत कामाला, डोळे फोनमध्ये.

आबांची मुलगी विमला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी होती. पहाटे चारपासून चुलीशी होती ती. सगळे वडे तिने थापले होते, सगळं सांबारं तिने वाटलं होतं, आणि म्हाळ मात्र गुरुदासचा होता. असंच असतं. बाप आजारी पडला की तो मुलीचा, मेला की मुलग्यांचा. दोडामार्गातल्या सासरहून नवरा गेल्यावर ती परत आली, तेव्हापासून अकरा वर्षं आबांचं हागणं-मुतणं तिने काढलं. त्या अकरा वर्षांत दोघा भावांनी मिळून आबांना एक व्हीलचेअर दिली. ती न्हाणीच्या दारातून आत जात नव्हती.

आणि काल संध्याकाळच्या गाडीने येताना गुरुदासने बॅगेत हक्कसोडीचा कागद आणला होता. टाइप करून, नावं घालून, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून. उद्या अकराला मालवणात रजिस्ट्रारकडे वेळ घेतलेली. सही एकट्या विमलाची बाकी. "रीत आसा गो," त्याने सांगितलं होतं, "भैणी सोडतत." सोडून राहायचं कुठे, हे रीतीत नव्हतं. कुडाळला एक ब्लॉक घेऊन देऊ म्हणाला होता, दुसऱ्या माळ्यावर. बाई, जिच्या दिवसाची सुरुवात विहिरीत कळशी बुडवून होते, ती दुसऱ्या माळ्यावर काय बुडवणार?

ती नाही म्हणाली नव्हती. हो पण म्हणाली नव्हती. म्हाळ होऊंदे म्हणाली होती.

आता ती कावळ्याची वाट बघत नव्हती. ती कान देऊन ऐकत होती. माडांच्या शेंड्यांवरून, वाऱ्याच्या वरून, बारीक घुंऽऽ येत होतं. भाद्रपदात कोकणात घुंऽऽ आवाजाला तोटा नसतो. ज्याच्या-त्याच्या परड्यात गवत कापायची मशीनं चालू असतात. म्हणून कोणी मान वर केली नाही. पण विमला हा आवाज पंधरा दिवस ऐकत होती. हा गवताचा नव्हता. हा वरचा होता.

गणपती पोचवले त्याच्या दुसऱ्या सकाळी तो पहिल्यांदा आला. ती विहिरीवर होती, परकर छातीशी बांधून, डोक्यावर पहिला तांब्या ओतलेला. डोळ्यांतलं पाणी निपटून वर बघितलं तर विहिरीच्या डोक्यावर एक चार पायांचं काळं किरडू हवेत उभं. उभं. पाखरू असतं तर उडून गेलं असतं. हे बघत होतं. तिने तांब्या भिरकावला, मग कोयती भिरकावली. कोयती शेजारणीच्या केळीत सापडली.

गुरुदासला फोन केला तर तो म्हणाला, नेवीचं असेल, देशाचं काम असतं, तू लक्ष देऊ नको. लवू हसला. म्हणाला, टुरिस्ट उडवतात ते, ड्रोन म्हणतात, तुझे फोटो काढून तो काय कॅलेंडर छापतलो? बाईच्या अंगावरून कोणाची नजर फिरली की आमच्याकडे नजर कोणाची ते विचारत नाहीत, आधी बाईचं वय विचारतात. विमला छप्पन वर्षांची होती. तिला त्या दिवशी कळलं की छप्पन वर्षांच्या बाईचं अंग कोणाच्याच हद्दीत येत नाही.

मग ती शेजारच्या सेलेस्तीनला घेऊन पोलीस चौकीत गेली. सेलेस्तीनच्या परड्यावरूनही तो जायचा, आणि सेलेस्तीन कोणाच्या बापाला भीत नव्हती. हवालदाराने विचारलं, किती उंचीवर होतं, कोणाचं होतं, त्याचा नंबर काय. सेलेस्तीन म्हणाली, नंबर वाचूक माका माडार चडवतास? आतले साहेब बाहेर आले. तेही विनोदी होते. "बाई, तुमची हद्द जमिनीवर. आकाशाचा सातबारा असतो का कोणाकडे?" अर्ज ठेवून घेतला. त्यावर दुपारी कोणीतरी चहाचा ग्लास ठेवला असणार.

तेव्हापासून विमलाने गावंढळ बाईचा एकमेव उपाय केला. लक्ष ठेवलं. तिला कळलं की तो कधीही येतो पण जातो ठरल्या वेळाने. भाताला आधण ठेवावं आणि भात उतरवावा, एवढाच त्याचा दम. मग किनाऱ्याच्या दिशेने पळतो, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा ताजा होऊन येतो. तिला कळलं की तो टुरिस्टासारखा भटकत नाही, गडग्यागडग्याने जातो, कोपऱ्यावर थांबतो, वळतो, पुन्हा गडग्याने. मोजणीवाला साखळी धरून चालतो तसा. आणि तिसरी गोष्ट कळली ती कावळ्यांची. पहिल्या दिवशी परड्यातले कावळे त्याच्यावर तुटून पडले. एकाला पंखा लागला, तो फडफडत अळवात पडून मेला. त्यानंतर वर घुंऽऽ वाजलं की सगळे कावळे मागच्या फणसात शिरून बसत. आवाज बंद होईपर्यंत एक पीस हलत नसे.

आत्ताही ते फणसातच होते. तिला मागच्या दारातून दिसत होते. दहा-बारा काळी टाळकी, पानांत दडलेली.

ती खळ्यात आली. ती सांगणारच होती, हे इथे सरळ लिहून ठेवतो, कारण पुढे घराण्यात यावरून बरंच बोललं गेलं. ती म्हणाली, "दादा, कावळे येवचे नाय. वर ता..."

"आता तुझा ता विमान काढू नको," गुरुदासने मान न वळवता सांगितलं. "बापाशीचो म्हाळ आसा. जरा गप रव."

चार पाहुणे हसले. लवू पण हसला.

विमला गप राहिली. आणि गप राहताना तिची नजर टोकाच्या माडाकडे गेली. प्रीतम वर बघत होता. खळ्यातल्या बावीस जणांत तोच एकटा वर बघत होता, आणि त्याचा चेहरा उलटीच्या आधी होतो तसा झाला होता. मग तो फोन डोक्यावर धरून गडग्याच्या कडेकडेने फिरायला लागला. रेंज शोधत. या परड्यात रेंज फक्त शेणकईच्या, शेणखताच्या खड्ड्याच्या, मागे मिळते, तीसुद्धा वारा पडला तर. हे मुंबईकराला कोण सांगणार? विमलाला ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही.

गडगा मोजायला लावणारा कोण, हे तिला आता कळलं होतं. आणि हेही कळलं, की त्या शहाण्या प्रीतमने ड्रोनवाल्याला बरोबर आजची दुपार दिली होती. सगळे पाटावर असतील, कोणी बाहेर बघणार नाही, असा त्याने हिशेब केला असणार. फक्त पाटावर बसायच्या आधी कावळा लागतो, हे त्याच्या कंपनीच्या कागदात नव्हतं.

"आबा," लवूने सुरुवात केली, कारण भूक सगळ्यात आधी त्याला लागली. "तुमच्या शेवटच्या शिमग्याक तुमी माझ्याकडे बाटली मागलेल्यात. ती मी आणलंय होती. वाटेत मीच पियालंय. चुकी झाली." त्याने गडग्याकडे बघितलं. काही नाही. "होडयेक तुमचा नाव घालतंय," त्याने भर घातली. तरी काही नाही.

पाहुण्यांत कुजबुज झाली की आबा बाटलीवर अडकणारे नव्हते. मग यशोदा उठली. पदर डोक्यावर घेतला, गडग्यापाशी गेली आणि सासऱ्याला हळू आवाजात सांगितलं, पण यशोदाचा हळू आवाज वाडीभर ऐकू जायचा. आबा मुंबईला चार महिने होते तेव्हा त्यांचा रेडिओ आपोआप बिघडला नव्हता. पहाटे पाचला ते लावायचे, म्हणून तिने आतली वायर ओढली होती. गुरुदासने बायकोकडे असं बघितलं की चौतीस वर्षांच्या संसारातला एक कप्पा आत्ता उघडला. तो रेडिओ दुरुस्त करायला तो तीनदा दादरला गेला होता.

कावळा नाही.

भटजींना घाई होती. पितृपंधरवड्यात भटजी आणि डॉक्टर सारखेच, एक घर उठवून दुसरं गाठायचं. त्यांना अजून तीन म्हाळ होते, त्यातला एक खाडीपलीकडे आणि तरीची होडी चुकली तर संध्याकाळ. त्यांनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली आणि म्हणाले की शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करून शिववू, दोष नाही. यशोदा लगेच हो म्हणाली. लवू तर पाट मांडायला निघाला. गुरुदासचाही हात निरीवरून सुटून दर्भाकडे गेला.

विमलाने मनात भाताचा हिशेब केला. तांदूळ शिजला असेल, पाणी आटायचं होतं. अजून थोडा वेळ.

"करा दादा," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ. "कोणीच काय म्हणाचा नाय. आबाच काय ते म्हणतले. म्हणतले, माझो झिल बँकेत साहेब होतो, आणि माका गवताचो कावळो दिल्यान."

गुरुदासचा हात तिथेच थांबला. खळ्यात कोणी हसलं नाही. माणूस आयुष्यभर बापाला भीत असतो, बाप मेल्यावर जरा जास्तच.

"नको भटजी," तो म्हणाला. "खरोच येवंदे."

भटजींनी दर्भ पिशवीत कोंबला आणि घड्याळ बघितलं. मग चाळीस वर्षांच्या धंद्यात जे शेवटचं औषध असतं ते काढलं. "मग गेलेल्याच्या जिवात काय अडकलंय ते बघा. कोणाचं काही राहिलंय? कोणाला शब्द दिला होता? घरच्या माणसांना ठाऊक असतं. बोलून टाका म्हणजे सुटेल."

खळ्यातल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. विमला तिथे उभी होती, हाताला पीठ, कपाळाला राख.

फुटला तो लवू. तो भावाच्या बाजूने होता, सकाळपर्यंत. हक्कसोडीच्या कागदावर त्याची सही कालच झाली होती. पण आता त्याच्या डोळ्यांसमोर ती प्यालेली बाटली होती, आणि आबा एवढ्याशा गोष्टीवर ऐकत नाहीत म्हणजे मोठी गोष्ट कोणती, ते लहान पोराला कळलं असतं.

"दादा," तो म्हणाला, "कागद."

"खंयचो कागद?"

"तुझ्या बॅगेतलो."

यशोदा तडकली, कायच्या काय बोलू नको म्हणाली, म्हाळाचा आणि कागदाचा काय संबंध. भटजी खाकरले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले की पितर अडले की घरात कार्य अडतं, लग्नं जमत नाहीत.

यशोदाचं तोंड उघडं राहिलं. तिने गडग्याच्या कडेने फोन धरून फिरणाऱ्या प्रीतमकडे बघितलं. बत्तीस वर्षं. अकरा मुली दाखवून झालेल्या. एक साखरपुड्यापर्यंत येऊन मोडलेलं. तिच्या डोक्यात काय फिरलं ते सगळ्यांना दिसलं, कारण यशोदाचा चेहरासुद्धा वाडीभर ऐकू जायचा.

"आणा तो कागद," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगो पण उद्या अकराक..."

"आणा म्हणतंय."

प्रीतम धावत आला. "बाबा, थांबा. असं काय करताय? कावळा येईल, पाच मिनिटं थांबा फक्त. मी सांगतो येईल."

"तुका काय म्हायती?" बापाने विचारलं.

प्रीतमने तोंड मिटलं. त्याला माहिती होतं ते सांगायला तोंड नव्हतं. विमलाने त्याच्याकडे बघितलं, त्याने विमलाकडे. खळ्यातल्या बावीस जणांत वरचा आवाज ऐकणारे दोघंच होते, आणि दोघंही गवताचं मशीन ऐकल्यासारखे उभे राहिले.

गुरुदास कागद घेऊन आला. गडग्यासमोर उभा राहिला. त्याने दोन्ही हात वापरले, त्यामुळे निरी सुटली, पण ती सावरायचं कोणाला सुचलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कधी कोणी थांबवलं नव्हतं.

"आबा," तो म्हणाला. "विमलाचो वाटो विमलाचो. घर तिचा, बावडी तिची. सही कोण मागाचो नाय. माझो झिल पण नाय. ह्या मी तुमच्यासमोर बोलतंय, आता मागे घेवचंय नाय." आणि त्याने कागद फाडला. दोन तुकडे, चार तुकडे, आठ. बँकवाला माणूस, तुकडेसुद्धा सारखे झाले.

विमलाला वाटलं आत्ता सांगावं. तिने तोंड उघडलंसुद्धा. आणि वरचं घुंऽऽ पातळ झालं, किनाऱ्याकडे कललं, आणि पुसलं गेलं.

शांतता पडली. फणसात एक टाळकं हललं.

पहिला कावळा गडग्यावर उतरला तो सरळ खिरीत. दुसऱ्याने वडा उचलला. मग आणखी चार आले आणि पानावर अशी भांडणं लागली की पाहुण्यांपैकी एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, घराण्याचेच आसत. भटजी जोडे घालायला धावले. लवूने पाट मांडले. गुरुदास गडग्याला टेकून लहान पोरासारखा रडत होता, आणि यशोदा त्याची निरी खोचत होती.

जेवणं उरकून पंगत उठली तेव्हा प्रीतम विहिरीवर आला. विमला टोप घासत होती.

"आत्या, तुला ऐकू येत होतं."

"तुकाय येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलाक गेलंय. तुझ्या बापाशीन गप केल्यान. तू कित्याक नाय बोललंस?"

त्याने पायाने खडा ढकलला. बाबांना काही माहीत नाही, म्हणाला. जमीन विकत घेणाऱ्या पार्टीला जागा बघायची होती, वरून शूटिंग हवं होतं, त्याने नुसतं हो म्हटलं होतं. सगळे इथे असतील म्हणून आज दुपारची वेळ त्यानेच दिली. कोणाला त्रास द्यायचा हेतू नव्हता.

"माका न्हाताना काडल्यान ता तुज्याकडे इला?"

प्रीतमची मान खाली गेली. "डिलीट केलं मी. लगेच."

"म्हणजे बघलंस."

विमलाने टोपात राख टाकली आणि काथ्याने असा घासला की पितळ किंचाळलं. ती त्याला आणखी काहीतरी बोलणार होती, असं काही की त्याने जन्मभर लक्षात ठेवलं असतं. पण तेवढ्यात माडांच्या वर पुन्हा वाजायला लागलं. घुंऽऽ. ताजा होऊन आला होता. आणि या वेळी खाली. पार खाली, न्हाणीच्या कौलांवर, सगळ्यांना दिसेल असा.

गुरुदास सुपारी चघळत खळ्यात शतपावली करत होता. त्याने मान वर केली. तोंड तसंच राहिलं.

"ह्या काय ता?"

"ताच विमान," लवू म्हणाला. "विमला सांगी होती ता."

गुरुदासच्या मानेच्या शिरा फुगल्या. "माझ्या भैणीच्या जाग्यार?" तो गरजला, आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगाकडे गेला. रिटायर माणूस, पोट सुटलेलं, जेवण गळ्यापर्यंत. पण पहिलं सोडण असं गेलं की किरडू हवेत थबकलं. दुसरं माडाला लागलं. तिसरं लवूच्या डोक्यात बसलं. लवूने शिवी दिली आणि स्वतःपण दोन उचलली. पाहुणे धावले. बावीस माणसांनी परड्यातलं झाडून सगळं जळण आकाशात फेकलं, तेव्हा कुठे ते वर सरकलं आणि समुद्राकडे निघून गेलं. कंपनीला त्या दिवशी काय शूटिंग मिळालं असेल ते त्यांनाच ठाऊक.

गुरुदास धापा टाकत उभा राहिला. मग हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली. बँकवाला डोक्यात जागा झाला. आकड्याला आकडा लागला नाही की त्याला झोप येत नसे. त्याने गडग्याकडे बघितलं, जिथे कावळे उरलेला भोपळा चिवडत होते आणि आता फणसात पळाले होते. मग आकाशाकडे. मग पुन्हा गडग्याकडे.

"ह्या हंय कधीपासून होता?" त्याने विचारलं. "सकाळी होता? पान ठेवलंव तेव्हा होता?"

यशोदाने नवऱ्याकडे बघितलं, लवूने डोकं चोळणं थांबवलं. विहिरीवरून विमला उठली. हाताची राख टपटपत होती. घर, विहीर, कौलं, फणस, सगळं त्या एका प्रश्नावर टेकून उभं होतं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. छप्पन वर्षांत जेवढं खोटं बोलली तेवढं आबांना कडू औषध पाजताना.

"नाही बाबा," प्रीतम म्हणाला. त्याने बापाच्या डोळ्यांत बघितलं नाही, आत्याच्याही नाही. "आत्ताच आलं ते."

"आत्ताच?"

गडग्याच्या पलीकडून सेलेस्तीनचं डोकं वर आलं. आरडाओरडा ऐकून ती आली होती, हातात केळीत सापडलेली ती कोयती. "आत्ताच?" तिने विचारलं. "अरे बाबा, मगाशी तुमी हात जोडून उभे होतास, तेव्हा तर..."

विमलाने धुवायला आणलेल्या टोपलीतला उरलेला वडा उचलला, चार पावलांत गडग्यापाशी गेली, आणि वडा सेलेस्तीनच्या हातात दिला. हातात दिला म्हणायचं, दिला जवळजवळ तोंडात.

"म्हाळाचो आसा," ती म्हणाली. "आधी खा."

सेलेस्तीनने वडा चावला. चावता चावता ती प्रीतमकडे बघत होती, मग फाटलेल्या कागदाच्या खळ्यात उडणाऱ्या आठ तुकड्यांकडे, मग विमलाकडे. तिने घास गिळला.

"वडे बरे झालेहत गो," ती म्हणाली. "आजून आसत?"